दुखणं अंगावर का काढलं जातं? घरातली अन्न-असुरक्षितता आणि उपचारांचे निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य-अर्थशास्त्रावर कुठेही बोलायला उभं राहिलं की शेवटच्या पंधरा मिनिटांत तेच ते प्रश्न येतात. काही कुतूहलाचे, काही शंकेखोर, काही चक्क रागावलेले. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे रेंगाळलो आहे. एक सवय मात्र सगळीकडे दिसेल. कुणाची गोळी चुकली, कुणाची तपासणी राहून गेली असं कानावर आलं की मी आधी त्या दिवसाची तारीख विचारतो.

अन्न-असुरक्षितता म्हणजे उपासमारच ना? मग एवढा जड शब्द कशाला?

उपासमार ही या जिन्याची शेवटची पायरी. पहिली पायरी नुसत्या काळजीची असते: घरातलं धान्य संपायच्या आत पुढचे पैसे हातात येतील का? दुसऱ्या पायरीवर ताटातले पदार्थ बदलतात. पोट भरतं, पण रोज त्याच दोन-तीन स्वस्त गोष्टींनी. फळं, भाज्या, दूध मागे पडत जातं. तिसऱ्या पायरीवर वाढप कमी होतं, मग एखादं जेवण टळतं, आणि अगदी शेवटी सबंध दिवस काही न खाता जातो.

पहिल्या दोन पायऱ्यांवरची माणसं बघून काही कळत नाही. ती हडकुळी नसतात, उलट स्वस्त आणि पिठूळ खाण्यामुळे वजन वाढलेलंही असू शकतं. म्हणून ‘उपासमार’ शब्द वापरला की हे सगळे लोक मोजणीतून गळतात.

दुसरी एक गल्लत नेहमी होते. अन्न-असुरक्षितता म्हणजे गरिबीचं दुसरं नाव नव्हे. गरीब असूनही नियमित, ठरलेली मिळकत असलेलं घर सावरलेलं असतं. आणि त्याहून बरी कमाई असलेलं घर एका मोठ्या दुखण्याने किंवा सुटलेल्या नोकरीने दोन महिन्यांत दुसऱ्या पायरीवर येतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांच्या अभ्यासातून दाखवलं होतं की बाजारात धान्य असतानाही माणसं उपाशी मरू शकतात, कारण खरा प्रश्न त्या धान्यावर कुणाचा हक्क पोचतो हा असतो. घराच्या पातळीवर तेच सूत्र लागू पडतं.

हे मोजतात कसं? कुणी ताटात डोकावून बघतं का?

बघत नाही, विचारतं. अमेरिकेत १९९५ पासून वापरात असलेल्या प्रश्नावलीत १८ प्रश्न आहेत. त्यांतले १० सगळ्या घरांना आणि ८ फक्त मुलं असलेल्या घरांना. काळ गेल्या बारा महिन्यांचा. तीन किंवा अधिक प्रश्नांना ‘हो’ आलं की घर असुरक्षित धरतात. मुलं नसलेल्या घरात सहा, मुलं असलेल्या घरात आठ ‘हो’ आले की तीव्र असुरक्षित. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची प्रश्नावली आटोपशीर आहे: आठच प्रश्न, काळजीपासून सुरू होऊन ‘सबंध दिवस काही खाल्लं नाही’ इथे संपणारे. तीच प्रश्नावली जगभर वापरता येते.

या प्रश्नांची खरी ताकद एका शेपटात आहे. प्रत्येक प्रश्नात कुठेतरी ‘पैसे नव्हते म्हणून’ हे शब्द येतात. ते काढले तर उपवास करणारा, वजन कमी करणारा आणि कामाच्या गडबडीत जेवण विसरणारा असे सगळे एकाच खान्यात पडतील.

अडचण अशी की माणूस या प्रश्नांना सरळ ‘हो’ म्हणत नाही. मी एका मुलाखतीला बसलो होतो. समोर साठीच्या आसपासच्या बाई. पैशाअभावी जेवण टाळलं का, या प्रश्नाला त्यांनी ताडकन ‘नाही’ म्हटलं, जवळजवळ रागावूनच. फॉर्मवर तसं नोंदलं गेलं. वीस-पंचवीस मिनिटांनी आरोग्याच्या भागात औषधांची चौकशी निघाली. गोळ्यांचं पाकीट त्यांनी दाखवलं, तर महिनाअखेर उलटून गेली तरी त्यात सात गोळ्या शिल्लक. का, विचारल्यावर म्हणाल्या, “जेवणानंतरची गोळी आहे ना. जेवण नाही त्या दिवशी कशी घ्यायची?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं तिसऱ्या पानावर दिलं. तेव्हापासून मी जेवणाच्या आकड्यांबरोबर औषधांचे आकडे वाचल्याशिवाय काहीच मानत नाही.

जगात अशी किती माणसं आहेत?

अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये सुमारे २.३ अब्ज, म्हणजे जगातली २८ टक्के माणसं मध्यम किंवा तीव्र अन्न-असुरक्षित होती. हा प्रश्न फक्त गरीब देशांचा नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये १३.५ टक्के घरं असुरक्षित होती. २०२१ मध्ये तोच आकडा १०.२ होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या कृषी खात्याने हा वार्षिक अहवालच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण किती वाजता फुटलं ते मात्र कळेनासं होतं.

यात अर्थशास्त्रज्ञाचं काय काम? डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत.

रास्त प्रश्न. डॉक्टर शरीराकडे बघतो, आम्ही त्या शरीरामागच्या वहीकडे. मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रारूपात आरोग्य हे भांडवल आहे: वयानुसार झिजतं आणि त्यात सतत काही ना काही घालावं लागतं. अन्न, औषध, विश्रांती, डॉक्टरची भेट हे सगळे त्यात घालायचे हप्ते. पैसा एकच, हप्ते अनेक. कुठला हप्ता आधी चुकतो, हे शोधणं आमचं काम.

आणि यात एक साधी गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. घरखर्चातल्या बहुतेक रकमांना कुणीतरी मालक असतो. भाडं थकलं की घरमालक दार वाजवतो. वीजबिल थकलं की अंधार होतो. कर्जाचा हप्ता थकला की फोन सुरू होतात. जेवण अर्धं केलं तर कुणी दार वाजवत नाही. रक्तदाबाची गोळी सोडली तर पोटसुद्धा ओरडत नाही. काहीच होत नाही, निदान त्या आठवड्यात तरी. म्हणून कात्री लागते ती या दोन मुक्या खर्चांना. हा कुणाचा हलगर्जीपणा नाही. ज्या खर्चाला दंड लगेच बसतो तो आधी भागवायचा, हा हिशेब कुठलाही शहाणा माणूस करेल.

‘औषध की जेवण’ अशी निवड लोक खरंच करतात, की हे फक्त भाषणात टाळ्या घ्यायचं वाक्य आहे?

करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षणातल्या जुनाट आजार असलेल्या प्रौढांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण तिघांतल्या एकाला अन्न, औषध किंवा दोन्ही परवडत नव्हतं. तोही एका श्रीमंत देशात.

याच्याही आधी, २००३ मध्ये, जयंत भट्टाचार्य, जॅनेट करी आणि सहकाऱ्यांनी थंडीचा अभ्यास केला होता. कडाक्याच्या थंडीत घर तापवण्याचा खर्च वाढला की गरीब कुटुंबांचा अन्नावरचा खर्च जवळजवळ तेवढ्याच रकमेने घटत होता. सुखवस्तू कुटुंबांत असं काही होत नव्हतं. अन्न हा गरीब घरातला गादीखालचा बटवा आहे. कुठलाही अनपेक्षित खर्च आला की हात आधी तिकडे जातो.

पण ‘की’ हा शब्द फसवा आहे. एका बाजूला ताट, दुसऱ्या बाजूला बाटली आणि माणूस मधे उभा, असं चित्र क्वचितच असतं. प्रत्यक्षात दोन्हींतून थोडं थोडं काढलं जातं. जेवण पातळ होतं आणि गोळ्या ताणल्या जातात.

गोळ्या ताणणं म्हणजे नेमकं काय?

तीस गोळ्या चाळीस दिवस पुरवणं. त्याचे चार-पाच प्रकार. एक दिवसाआड घेणं. नवीन पाकीट आणायला आठ-दहा दिवस उशीर करणं. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडणं. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या गोळ्यांवर भागवणं. आणि सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार, गोळी मोडणं.

काही गोळ्यांना मधोमध रेघ असते, त्या नीट दुभंगतात. पण दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी मोडली की ती रचनाच बिघडते आणि औषध एकदम सुटतं. सुरीखाली गोळी धरली, एक तुकडा मोठा, एक लहान, थोडी पूड ताटलीवर. मोठा तुकडा आज, लहान उद्या, आणि पूड बोटाने टिपून घेतलेली. यातून रोजचं प्रमाण किती पडलं ते सांगता येणार नाही. डॉक्टर मात्र पुढच्या भेटीत ‘औषधाचा उपयोग होत नाही’ असं समजून डोस वाढवतो. वाढवलेल्या डोसची गोळी महाग असते. पुढचं सांगायला नको.

तारखेचं काय म्हणत होतात?

आता आलात मुद्द्यावर.

कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या २००० ते २००८ च्या नोंदी घेऊन हिलरी सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक निबंध लिहिला. रक्तातली साखर एकदम खाली गेल्यामुळे कोण कधी भरती झालं, एवढंच त्यांनी तपासलं. कमी उत्पन्नाच्या लोकांत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अशा भरतीचा धोका पहिल्या आठवड्यापेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघाला. सधन वस्तीतल्या रुग्णांत असा चढउतार दिसला नाही. आणि मला आवडलेली खुबी ही: त्यांनी तुलनेला अपेंडिक्सचे रुग्ण घेतले. अपेंडिक्सला तुमच्या पगाराची तारीख माहीत नसते. तिथे महिनाभर रेषा सपाट राहिली.

कारण उघड आहे. तिथली अन्नमदत महिन्यातून एकदाच मिळते, पेन्शनही महिन्याच्या हिशेबाने. महिनाअखेर घरातलं खाणं संपत येतं. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा काही गोळ्या मात्र नेहमीच्याच डोसने चालू असतात, कारण त्या आधीच आणलेल्या असतात. पोटात अन्न नाही आणि औषध साखर खाली ओढतंय. म्हणजे औषध काटेकोर घेणाराच इथे अडकतो! ‘औषध वेळेवर घेत जा’ एवढाच सल्ला देऊन मोकळं होणाऱ्यांनी हा निबंध जरूर डोळ्यांपुढे ठेवावा.

दुसरा पुरावा औषधांच्या दुकानातला आहे. टाल ग्रॉस, टिमथी लेटन आणि डॅनियल प्रिन्झ यांनी अमेरिकेतल्या सरकारी विमा असलेल्या वृद्धांच्या औषधखरेदीच्या नोंदी पाहिल्या. निवृत्तिवेतन जमा होण्याच्या दिवशी औषधांची खरेदी ६ ते १२ टक्क्यांनी वाढत होती. ही माणसं विमाधारक होती, त्यांना औषधामागे फक्त लहानशी रक्कम पदरची भरावी लागत होती. ज्यांना तेवढीही भरावी लागत नव्हती त्यांच्यात ही उसळी दिसलीच नाही. दुखणं तेच, औषध तेच, वयही तेच. फरक एवढाच की एकाला औषध गरजेच्या दिवशी मिळत होतं आणि दुसऱ्याला पैसे आले त्या दिवशी.

पण गरीब माणसं पैसे नको तिथे खर्च करतात, असंही दिसतंच की.

दिसतं. श्रीमंतांचंही दिसतं, फक्त त्याला छंद म्हणतात.

थोडं गंभीरपणे. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या. तोच शेतकरी, एकदा ऊस तोडणीच्या आधी, हात ओढग्रस्त असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. आधीच्या चाचणीत त्यांची कामगिरी कमी पडली. माणूस तोच होता, त्यामुळे शिक्षण, बुद्धी, सवयी यांवर खापर फोडता येत नाही. चणचणीची सततची काळजीच डोक्यातली जागा खाते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर पुढे वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण माझा स्वतःचा कल असा आहे की उपचारांच्या बाबतीत इतक्या मानसशास्त्राचीही गरज पडत नाही. रोकड कधी येते आणि कधी संपते, एवढ्यावर निम्मं कोडं सुटतं.

आजारपणामुळे अन्नाची ओढाताण होते की अन्नाच्या ओढाताणीमुळे आजारपण?

दोन्ही, आणि म्हणूनच या विषयातलं संशोधन अवघड आहे.

आजाराकडून अन्नाकडे जाणारी वाट रुंद आहे. घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम उपचारांवर पदरमोड करून घालावी लागली तर आंतरराष्ट्रीय मोजणीत २०२५ पर्यंत तो खर्च घराला हादरवणारा मानत. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे १ अब्ज माणसं अशा घरांत होती. दवाखान्याचं बिल आणि बुडालेली मजुरी एकदम येतात, हा त्यातला दुहेरी फटका. कमावणारा माणूसच आजारी पडला तर तिहेरी.

उलटी वाटही खरी आहे. निकृष्ट खाणं, चुकलेली औषधं, काळजीने उडालेली झोप. मग प्रकृती ढासळते, मिळकत घटते, अन्न आणखी कमी होतं. फिरतं चक्र आहे, आणि चक्राची सुरुवात कुठून झाली हे नुसत्या सर्वेक्षणातून कळत नाही.

मग कारण आणि परिणाम वेगळे काढता कसे?

योगायोग शोधून. दोन माणसं सगळ्या बाबतींत सारखी, पण कुठल्याशा सरकारी वेळापत्रकामुळे एकाला मदत मिळाली आणि दुसऱ्याला नाही, अशी फट सापडली की आम्ही खूश.

उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या अन्नकुपनांचं. ही योजना १९६१ ते १९७५ या काळात सगळीकडे एकदम न येता जिल्ह्या-जिल्ह्याने आली. म्हणजे कुणाच्या बालपणात ती पोचली आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या त्याच वयाच्या मुलाच्या बालपणात पोचली नाही. हिलरी हॉइन्स, डायान शांझेनबाख आणि डग्लस आल्मंड यांनी ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची प्रकृती तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: लहानपणी कुपनं पोचलेल्यांत लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह या गोतावळ्यातले विकार प्रौढपणी कमी होते. स्त्रिया आर्थिकदृष्ट्याही जास्त स्वावलंबी होत्या. तीस-चाळीस वर्षांनी मिळालेली ही पावती कुठल्याही सरकारच्या पाच वर्षांच्या ताळेबंदात दिसत नाही, हे दुर्दैव.

दुसरा मार्ग चिठ्ठ्या टाकण्याचा. त्याबद्दल पुढच्याच प्रश्नात.

म्हणजे रुग्णांना चांगलं अन्न मोफत दिलं की दवाखान्याचा खर्च आपोआप कमी होणार?

इथे मला थोडं निराश करावं लागतं.

‘अन्न हेच औषध’ या नावाने असे कार्यक्रम गेल्या काही वर्षांत खूप निघाले. कार्यक्रमात आलेल्यांची साखर आधी किती आणि नंतर किती, एवढी तुलना करून यश जाहीर व्हायचं. जोसेफ डॉयल, मार्सेला आल्सन आणि सहकाऱ्यांनी मात्र रीतसर चिठ्ठ्या टाकून गट पाडले. मधुमेह आटोक्यात नसलेले आणि अन्न-असुरक्षित असलेले रुग्ण घेतले. एका गटाला सबंध कुटुंबासाठी आठवड्याला दहा जेवणांचं सकस सामान, शिवाय आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन. दुसऱ्या गटाला प्रतीक्षायादीत ठेवलं. सहा महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सीचा आकडा पहिल्या गटात १.५ अंशांनी उतरला. टाळ्या वाजवणार तेवढ्यात कळलं की प्रतीक्षायादीतल्या गटातही तो १.३ अंशांनी उतरलाय. फरक नगण्य.

असं का व्हावं? आकडा फार वर गेलेला असतानाच लोक अशा कार्यक्रमात येतात, आणि फार वर गेलेली गोष्ट बऱ्याचदा आपसूकही खाली येते. दुसऱ्या गटानेही या काळात औषधोपचार घेतलेच असणार. यावरून अन्न देणं व्यर्थ आहे असं मी म्हणणार नाही. भुकेल्याला जेवण द्यायला साखरेच्या आकड्याची परवानगी लागत नाही. पण ‘यातून खर्च वाचेल’ हे आश्वासन देऊन निधी मागणाऱ्यांनी जपून बोलावं. सहा महिन्यांत एक आकडा हलला नाही की अख्खा कार्यक्रम गुंडाळला जातो, ही खरी भीती.

अन्न-असुरक्षित घरांचा आरोग्यखर्च खरंच जास्त असतो? ते तर दवाखान्यात जायचं टाळतात ना?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात डॉक्टर आणि रुग्णालय सरकारी खर्चाने मिळतं. तिथल्या ६७ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा व्हॅलेरी टारासुक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. सुरक्षित घरांच्या तुलनेत वार्षिक आरोग्यखर्च काठावरच्या घरांत १६ टक्के, मध्यम असुरक्षित घरांत ३२ टक्के आणि तीव्र असुरक्षित घरांत ७६ टक्के जास्त होता.

टाळलं जातं ते छोटं काम: नियमित तपासणी, रक्ताची चाचणी, वेळेवर भरून आणलेलं औषध. आणि करावं लागतं ते मोठं: तातडीचा विभाग, भरती. अंगावर काढलेलं दुखणं शेवटी सगळ्यांत महागड्या दारातून आत येतं. बिल कुणीही भरो.

विमा असला की प्रश्न मिटतो?

बराच हलका होतो. अमेरिकेत गरिबांचा सरकारी विमा ज्या राज्यांनी विस्तारला तिथे तीव्र अन्न-असुरक्षितता कमी झाल्याचं दिसलं आहे. औषधाचे वाचलेले पैसे ताटात गेले. पण विमा बसचं भाडं देत नाही, बुडालेला रोज देत नाही, आणि रांगेत चार तास घरी मुलांकडे बघायला माणूस देत नाही.

रुग्णाकडून थोडीशी फी घेतली तर काय बिघडतं? फुकटाची किंमत नसते.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की उत्तर तोंडपाठ झालंय.

रँड या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या, १९७० च्या दशकात सुरू झालेल्या प्रसिद्ध विमाप्रयोगात कुटुंबांना वेगवेगळ्या हिश्शाचे विमे चिठ्ठ्या टाकून दिले होते. पदरचा हिस्सा वाढला की लोक कमी वेळा डॉक्टरकडे गेले, हे अपेक्षितच. पण त्यांनी अनावश्यक उपचार कमी केले आणि आवश्यक तेवढे ठेवले, असं झालं नाही. दोन्ही जवळपास सारखेच कमी झाले. कुठलं दुखणं किरकोळ आणि कुठलं जिवावरचं, हे ओळखायला जमतं म्हणूनच तर डॉक्टर लागतो.

अमिताभ चंद्रा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वृद्धांच्या औषधविम्यात आणखी पुढचं दाखवलं. पदरचा खर्च थोडा वाढला तरी माणसांनी हृदयविकार आणि रक्तदाबाची औषधं सोडली, ज्यांना धोका जास्त त्यांनीही सोडली, आणि मृत्यू वाढले. ‘थोडीशी’ हा शब्द देणाऱ्याच्या खिशातून मोजायचा असतो.

घरात आधी कुणाचं ताट कमी होतं?

मोठ्यांचं. प्रश्नावल्याच याच क्रमाने रचलेल्या आहेत, कारण मुलांचं जेवण कमी होणं ही अगदी शेवटची पायरी असते. मोठ्यांत बहुतेकदा आईचं. ती ‘मला भूक नाही’ म्हणते आणि घरात ते सगळ्यांना खरं वाटतं, निदान वाटून घेतलं जातं. एकूण घरासाठी एकच आकडा काढण्याच्या पद्धतीची ही मोठी उणीव आहे. औषधांचा क्रमही असाच लागतो: मुलाच्या तापाचं औषध त्याच दिवशी येतं, कमावत्याचं दोन दिवसांनी, आणि कमावत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ‘बघू पुढच्या महिन्यात’.

डॉक्टरांनी रुग्णाला जेवणाबद्दल विचारावं का? अपमान नाही वाटणार?

विचारण्याच्या तऱ्हेवर आहे. अठरा प्रश्नांना वेळ नाही म्हणून त्यांतले पहिले दोनच वेगळे काढले गेले: घरातलं अन्न पैसे येण्याआधी संपेल अशी काळजी वाटली का, आणि आणलेलं अन्न पुरलं नाही व आणखी आणायला पैसे नव्हते असं झालं का. उत्तर ‘हो-नाही’ असं न मागता ‘नेहमी, कधी कधी, कधीच नाही’ असं मागतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत या दोन प्रश्नांनी लहान मुलं असलेली ९७ टक्के असुरक्षित घरं बरोबर ओळखली. मला त्यातला ‘कधी कधी’ फार कामाचा वाटतो. ‘हो’ म्हणायला जीभ रेटत नाही. ‘कधी कधी’ म्हणता येतं. आणि हे प्रश्न एकालाच न विचारता येईल त्या प्रत्येकाला विचारले की कुणाला बोट दाखवल्यासारखं वाटत नाही.

विचारल्यावर करायचं काय, हा त्याहून मोठा प्रश्न. पण काही गोष्टी एक पैसाही न लागता होतात. पुढची भेट आणि औषध भरण्याचा दिवस पैसे हाती येण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवता येतो. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांचं औषध लिहिता येतं, जिथे ते तेवढ्याच पैशात मिळतं. साखर एकदम खाली नेण्याचा धोका कमी असलेली गोळी निवडता येते. आणि औषधाच्या चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ लिहिलं की त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहिता येते: त्या दिवशी जेवण झालं नाही तर ही गोळी घ्यायची की नाही.